नोसिग्नल मामांचं घरचं मशीन

नोसिग्नल मामांच्या चेहऱ्यावर काही उमटलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या चिकलठाण्यात सापडणार नाही. आनंद, राग, दातदुखी, सगळ्याला एकच चेहरा. त्यांच्या मुलीच्या लग्नात शूटिंग माझ्याकडं होतं. ‘मामा, जरा हसा की’ असं मी चाळीस वेळा ओरडलो असेन. वऱ्हाड जेवून उठलं, मांडववाला खुर्च्या न्यायला आला, तरी माझं ओरडणं चालूच. शेवटी शेजारी उभ्या मामी म्हणाल्या, ‘आरं, ते मघाधरनं हसायलेत. तू घे फोटो.’

कॉम्प्युटर बिघडल्यावर काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी तरंगताना ज्यानं पाहिलीय, त्याला या नावाचं कारण सांगायला नको. नाव आम्ही गिऱ्हाइकांनीच ठेवलं होतं आणि मामांना ते पक्कं ठाऊक होतं. दुकानाची पाटी रंगवायला आलेल्या पेंटरनं ‘काय लिहू?’ म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘लोक म्हणतात तेच लिही. नायतर बिचारे पत्ता विचारत फिरतील उन्हाचे.’

तरुणपणी मामा एका टीव्हीच्या कारखान्यात होते. दिवसभर पट्ट्यावरून येणाऱ्या टीव्हीत चित्र नीट दिसतं का, एवढंच बघायचं काम. अठरा वर्षं त्यांनी तेवढंच बघितलं. कारखाना बंद पडला, तेव्हा जालना रोडच्या कडेला त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा घेतला. गाळा एवढा अरुंद की मॉनिटर आत न्यायचा तर मामांना बाहेर यावं लागे. पण पडद्याचा आजार असेल तर त्या गाळ्याला तोड नव्हती. रंग गेला, रेघा आल्या, चित्र थरथरायला लागलं, नवं कार्ड घातलं आणि अंधार झाला, की शहरातले मोठमोठे शोरूमवालेसुद्धा गुपचूप मामांकडं मशीन पाठवत.

मशीन उघडण्याआधी मामा दोन बोटं मशीनच्या पेटीच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, रंग नसलेल्या पत्र्याला टेकवत आणि क्षणभर थांबत. बघणाऱ्याला वाटायचं, माणूस नमस्कार करतोय. एका किराणावाल्यानं ते पाहून आपल्या कॉम्प्युटरला रोज उदबत्ती ओवाळायला सुरुवात केली, आणि वर्षभरात आतला पंखा राखेनं बुजवून मशीन परत आणलं. मामा म्हणाले, ‘शेटजी, मी अंगातली वीज उतरवतो लोखंडात. पुण्य नाय कमवत. वीज चिपला लागली तर चिप मरती.’ शेटजींनी हात जोडले. हे मामा नसून कुणी सिद्धपुरुष असल्याची त्यांची खात्री त्या दिवसापासून आणखीच पक्की झाली.

दुसरी सवय म्हणजे उलटतपासणी. ‘हात लावला का?’ हा पहिला प्रश्न. गिऱ्हाईक हमखास म्हणणार, ‘नाय मामा, आपोआप झालं.’ त्यावर मामा त्याच चेहऱ्यानं म्हणत, ‘आपोआप फक्त केस पांढरे होतात. काय बदललंस ते सांग.’ आणि खरं बाहेर येईपर्यंत स्क्रू ड्रायव्हर उचलत नसत. पोलीस चौकीत मामांना खुर्ची दिली असती तर शहरातल्या चोऱ्या थांबल्या असत्या. निदान चोरांनी धंदा बदलून कॉम्प्युटरची दुकानं काढली असती.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर बदलली की मशीन चालू करून बघायचं. नाही जमलं तर ती वायर पहिल्यासारखी लावून मगच पुढचं. मी एकदा वैतागून म्हणालो, ‘मामा, सगळं एकदम बदला ना!’ तर म्हणाले, ‘बदलतो. चालू पण होईल. पण कशानं झालं ते तुला मरेपर्यंत कळणार नाय. मग पुढच्या वेळी परत सगळंच बदलशील.’

हे सगळं मला पाठ होतं. आणि तरी मी जे केलं, ते केलं.

मी लग्नाच्या फिल्म बनवतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात करमाडच्या एका घरचं लग्न माझ्याकडं होतं. मुलगी गुरुवारी दुपारी नवऱ्यासोबत दुबईला निघणार होती. तिची आई सोमवारी स्वतः दुकानात आली. पदरानं घाम पुसत म्हणाली, ‘दादा, काहीबी करा, पण बेस्तरवारी सकाळी द्या. लग्नात मी भटारखान्यातच होते. अक्षता टाकायच्या टायमाला पुऱ्या कमी पडल्या. पोरीच्या गळ्यात हार पडतानाबी मी बघितला नाय. ती हाय तवर तिच्याजवळ बसून बघायचंय.’

मी छातीला हात लावून शब्द दिला. आणि काम लवकर व्हावं म्हणून त्याच दिवशी पडद्यावर चित्र पाठवणारं नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. नवं म्हणजे मला नवं. कुणीतरी वापरून विकलेलं, तीन पंख्यांचं, एवढं अजस्र की ते बसवताना कॅबिनेटचं एक दार कायमचं काढावं लागलं. बदल्यात माझं जुनं, गरीब, चालू कार्ड देऊन टाकलं. बटण दाबलं. तिन्ही पंखे असे घरघरले की विमानतळावरचं विमान खिडकीतून आत आलं असं वाटलं. पडद्यावर मात्र अंधार.

मंगळवारभर मी मॉनिटर बदलला, वायरी बदलल्या, रॅम काढून घातली, कार्डाची आई-बहीण काढली. बुधवारी सकाळी मामांना फोन केला. एव्हाना मामांनी गाळा बंद करून दीड वर्ष झालं होतं. छातीचा त्रास होता. डॉक्टरनं जिने चढायला मनाई केली होती, आणि माझं दुकान दुसऱ्या मजल्यावर. मी म्हणालो, ‘जय भीम मामा. तब्येत कशीय?’

‘जय भीम. तब्येतीला फोन नाय केलास तू. काय बदललंस?’

अकराच्या उन्हात मामा रिक्षानं आले. दर चार पायऱ्यांवर थांबत वर चढले आणि भिंतीला पाठ लावून बसले. मी म्हणालो, ‘दमलात मामा.’ मामा म्हणाले, ‘दमलेला माणूस झोपला की बरा होतो. माझं हे झोपल्यानं जाईना.’ मग पाणी प्यायले, पत्र्याला बोटं टेकवली आणि मशीनच्या मागं बघितलं. ‘मॉनिटरची वायर कुठं लावलीस?’

‘मामा, वीस वर्षं या धंद्यात आहे मी!’

‘म्हणून विचारतो. नवशिका आधी बघतो.’

वायर मशीनच्या मुख्य बोर्डावरच्या भोकात होती. चार बोटं खाली नवं कार्ड आपली भोकं उघडी टाकून बसलं होतं. मंगळवारभर मी चार मॉनिटर आणि सहा वायरी बदलल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी मोठ्या निष्ठेनं त्याच भोकात खुपसल्या होत्या. मामांनी वायर हलवली. चित्र आलं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला निघालो, तर म्हणाले, ‘थांब. काम लावून बघ.’

फिल्म बनवायला लावली. दहा मिनिटांत पुन्हा अंधार. मामा म्हणाले, एवढ्या कार्डाला तुझा जुना वीजपुरवठ्याचा डबा पुरत नसेल. मी धावत जाऊन मोठा डबा आणला. बारा मिनिटांत अंधार. कार्ड चालवणारी जुनी ड्रायव्हर सॉफ्टवेअर मुळासकट काढून नवी टाकली. अकरा मिनिटांत अंधार. मामांनी कार्ड काढलं, उजेडात धरलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला. ‘हे दमलंय रे. आधीच्या मालकानं याला दिवसरात्र राबवलंय. नुसतं चित्र दाखवायचं तर दाखवंल, पण वजन उचलणार नाय.’ मग विचारलं, ‘जुनं कार्ड दे.’

मी खाली बघितलं.

‘दिलंस?’

‘दिलं.’

चेहऱ्यावर अर्थातच काही नव्हतं, पण मामांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. कार्ड विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, दुसरं कार्ड शनिवारी येईल. शनिवारी ती मुलगी दुबईत असणार होती. मी त्यांना भटारखान्यातल्या आईची गोष्ट सांगितली. माझ्या स्वभावाप्रमाणं थोडी वाढवायला हवी होती. पण तीत वाढवायला जागाच नव्हती.

मामा उठले. म्हणाले, ‘घरी एक पडून आहे. माझ्यासंगं चल.’

त्यांच्या दारात मी रिक्षातच बसून राहिलो. ते आत गेले आणि वीस मिनिटांनी कापडात गुंडाळलेलं छोटं, एका पंख्याचं कार्ड घेऊन आले. मला वाटलं, शोधायला वेळ लागला असेल. दुकानात आल्यावर मामांनी ते स्वतः बसवलं. काम मुंगीच्या पावलांनी सुरू झालं, पण थांबलं नाही. मी म्हणालो, ‘मामा, झालं. सोडतो तुम्हाला घरी.’ तर हलेनात. दुरुस्ती झाल्यावर ते तासभर पडद्यासमोर बसून राहत, कारखान्यातली सवय. त्या दिवशी तासाचे तीन झाले. मुहूर्ताचा नारळ, हळद, काकांची भाषणं. माझ्या बायकोनंही माझी कुठली फिल्म एवढी बघितलेली नाही. मुलीची पाठवणी आली तेव्हा मामांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि म्हणाले, ‘इथं लाल रंग जरा जास्त येतोय. बघ.’ रंग ठीक होता. मी म्हणालो, ‘व्हय मामा, कमी करतो.’

गुरुवारी सकाळी नऊला मी फिल्म करमाडला पोहोचवली. रात्री मामांचा फोन आला. ‘त्या माउलीनं बघितलं का?’

‘बघितलं मामा. दोघी मायलेकी टीव्हीसमोर बसल्या होत्या. हाराच्या वेळी तिनं तीनदा मागं घ्यायला लावलं.’

‘बरं झालं,’ म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी माझं कार्ड आलं. मामांचं कार्ड मी काढून, पुसून, पुन्हा त्याच कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं. उद्या नेऊन देऊ. मग परवा. मग लग्नसराई. मामा पंधरा दिवसांनी फोन करत, ‘चाललंय ना सगळं?’ विचारत. मी म्हणायचो, ‘झकास मामा. तुमचं कार्ड आणून द्यायचंय.’ ते म्हणत, ‘असू दे, घाई नाय.’ आणि मी, दिलेला शब्द दिल्या दिवशी विसरण्यात वाकबगार, खरंच घाई केली नाही. सात महिने गेले.

डिसेंबरात मामा गेले. सकाळी उठून दाढी केली, आरशासमोर बसले ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाला खूप गर्दी होती. ती ओसरल्यावर मी कापडातलं कार्ड मामींच्या पुढं ठेवलं. मामींनी ते उचललंही नाही. आतल्या खोलीकडं बोट दाखवून म्हणाल्या, ‘तिथं ने. बाकीचेबी तिथंच हायेत.’

आत टेबलावर मामांचं मशीन होतं. दार उघडं, आत जवळजवळ पोकळ. त्याच्याभोवती जमिनीवर तीन माणसं बसली होती. अजिंठ्याचा लॉजवाला, त्याच्या हातात रॅम. सिडकोत क्लास चालवणाऱ्या मॅडम, त्यांच्या पिशवीत हार्ड डिस्क. झेरॉक्सवाला शेख, त्याच्या मांडीवर वीजपुरवठ्याचा डबा. मी दारात कार्ड घेऊन उभा. शेख म्हणाला, ‘आपको भी बोले थे क्या, घर पे एक पड़ा है?’

मामी मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘हैदराबादच्या नातीशी बोलायचे त्याच्यावर. मोबाइलवर त्यांना चेहरा दिसायचा नाय नीट, बारीक वाटायची म्हणायचे. तुला कार्ड दिलं तवापासून ते बंदच, मग बाकीचंबी एकेक गेलं. फडकं मारायचे रोज वरून, बस.’

आम्ही चौघांनी मशीन जोडायला घेतलं. कुणी काही ठरवलं नव्हतं. ज्याचा पार्ट त्यानं बसवला. मॅडमनी डिस्क, लॉजवाल्यानं रॅम, शेखनं डबा, शेवटी मी कार्ड. शेखनं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. पडदा काळा राहिला.

चौघांनी मिळून पन्नास-साठ वर्षं या यंत्रांसोबत काढली असतील. पण पुढं हात कुणी केला नाही. चौघेही एकदमच दाराकडं बघायला लागलो. दारात मामी होत्या.

‘राहू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांनी तरी कुठं स्वतःचं कधी दुरुस्त केलं? चहा ठेवलाय, घेऊन जा.’

आम्ही चहा घेतला. कुणीच आपला पार्ट परत काढला नाही.