तात्यांनी निवडून दिलेली रॅकेट

टेनिसची रॅकेट कानाजवळ धरून तात्या तिच्या तारांवर टिचकी मारायचे. मग डोळे मिटून, आतून काही ऐकू आल्यासारखा चेहरा करायचे आणि निकाल द्यायचे, "चालतंय!" खरं तर त्यांना काहीही ऐकू येत नसे. टेनिसमधलं त्यांना जेवढं कळत होतं, तेवढं कोर्टाच्या कडेला चरणाऱ्या शेळीलाही कळत असेल.

ओतूरच्या बाहेर तात्यांची बागायत. उमेदीची वर्षं बैलगाड्यांच्या शर्यतीत गेलेली. मुलगा परदेशात टेनिस खेळतो म्हटल्यावर यांनी कांद्याचं एक वावर सपाट करून मातीचं कोर्ट बांधलं आणि त्या दिवसापासून स्वतःला जाणकार ठरवून टाकलं. खेळायला कुणालाही मज्जाव नव्हता, वर्गणीही नव्हती. अट एकच, नवख्याची रॅकेट तात्या निवडणार.

मी गावातल्या शाळेत शिकवते. घर, शाळा, सासूबाईंची पथ्यं यांतून सकाळचा कोर्टावरचा तास तेवढा माझा एकटीचा होता. तो मिळवायला घरी किती भांडले, ते माझं मला ठाऊक. तो टिकावा म्हणून मी तात्यांच्या जीपमधून निमूटपणे पुण्याच्या दुकानात गेले.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मॅडम नवीन आहेत ना? मग हलकी आणि जरा मोठ्या तोंडाची..."

"तुमी इका. निवडायचं आमी बघतो," तात्यांनी त्याला गप्प केलं. भिंतीवरच्या साऱ्या रॅकेटी त्यांनी हातात झुलवून पाहिल्या आणि त्यांतली सर्वांत जड, अरुंद तोंडाची काळी रॅकेट माझ्या हातात ठेवली. "बैल घेताना आपण बारका घेतो का? हाताला वजन लागलं पाहिजे, बाई!" रॅकेटची मूठ माझ्या बोटांत मावत नाही, असं मी म्हटलं. "मावंल, मावंल. सवय व्हईल." वर तार करकचून ताणून घ्यायलाही सांगितलं. ती वाजली पाहिजे म्हणे.

कोर्टावर तात्या स्वतः फारसे खेळत नसत. खुर्चीत बसून सूचना देत. त्यांची बायको, माई, रोज घरापासून चहाची भरलेली किटली घेऊन यायच्या. तीही पितळेची, तात्यांनीच आणलेली, कारण "स्टीलला काय वजन हाय?" बँकेतले साहेब, औषधांच्या दुकानाचे मालक, सगळे कोपराला पट्टे बांधून खेळायचे आणि तात्यांच्या प्रत्येक वाक्याला माना डोलवायचे. तात्यांची चीड येई, पण या माना डोलवणाऱ्यांची तर किळस यायची.

पावसाळा संपेपर्यंत माझं कोपर असं धरलं की फळ्यावर लिहिता येईना, भाकरी थापता येईना. सासूबाई म्हणाल्या, "झालं ना खेळून? आता बसा घरी." तात्यांनी त्यांचीच री ओढली. "बायकांचं हाड न्हाई हो या खेळाला." डॉक्टरांनी मात्र रॅकेट मागवून घेतली, हातात धरली आणि मलाच विचारलं, "ही कुणी दिली तुम्हाला?"

कोपर बरं झाल्यावर मी एकटीच त्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी माझ्यामागे कुणी आहे का ते पाहिलं, मग एक हलकी रॅकेट काढली. मूठ धरायला लावली. बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसतं का, ते बघायला सांगितलं. नेमकं बसलं. तारा त्याने थोड्या सैल ठेवल्या. सगळं मिळून पाव तास लागला.

दुसऱ्या दिवशी तात्या खुर्चीतूनच ओरडले, "हे काय, भजी तळायला आणलंय व्हय?" सगळे हसले. बँकेतले साहेब सर्वांत मोठ्याने. "माझ्या कोर्टावर असला झारा चालायचा न्हाई. उद्यापासनं येऊ नका."

माझा तास गेला, एवढंच मला त्या क्षणी कळलं. रडू येईल म्हणून मी पाठ फिरवली.

माई चहा ओतत होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली आणि माझ्याजवळ आल्या. "बघू, बाई." रॅकेट हातात घेऊन त्यांनी ती हवेत एकदा फिरवली. "आवो, एवढी हलकी मिळती व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं? चहा दे," तात्या म्हणाले.

"टाका बाई चेंडू," माई मला म्हणाल्या. पदर खोचला. पहिला चेंडू त्यांना लागलाच नाही. दुसरा जाळीत अडकला. तिसरा मात्र जाळीवरून सरळ पलीकडे गेला आणि माई मोठ्याने हसल्या. इतक्या वर्षांत त्यांचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई उद्याबी येणार. मीबी येणार."

तात्यांनी मान डोलवणाऱ्यांकडे पाहिलं. त्यांतल्या एकाचीही मान हलेना.

त्यानंतर तात्या कोर्टावर आले नाहीत. तब्येतीचं कारण सांगतात. तब्येत ठणठणीत आहे. नवखे आता रॅकेटीचं माईंना विचारतात आणि माई म्हणतात, "मला काय इचारता? आपल्या हाताला इचारा." सकाळी त्या खेळत असतात, त्यामुळे तात्या हल्ली चहा स्वतःच करून घेतात. तोही त्यांना धड जमत नाही.