भांडणाला न बोलावलेली

थोरलीच्या घरात एखादी गोष्ट भांडल्याशिवाय ठरली असं कधी झालं नाही. मागच्या दाराला कोणता रंग द्यायचा यावर ही माणसं एवढी भांडली, की दार अर्धं खरवडून तसंच राहिलं आणि पुढे त्या अर्धवट दाराचीच सगळ्यांना सवय झाली. नव्या पाहुण्याला वाटायचं, या घरात बेबनाव आहे. बेबनाव कसला, ती घरची रीत होती.

रीत घालून दिली आप्पांनी. आप्पा बसच्या गॅरेजमध्ये वेल्डर होते आणि तिथल्या युनियनचे कार्यकर्ते. साहेब लोक बंद खोलीत बसून ठरवतात आणि बाहेर येऊन भिंतीवर नोटीस डकवतात, याची त्यांना मनस्वी चीड. म्हणून घरापुरता त्यांनी कायदा केला. रविवारी सकाळी सगळ्यांनी स्वयंपाकघरात बसायचं, मोठी किटली भरून चहा करायचा आणि ज्याला जे म्हणायचं असेल ते तिथे, तोंडावर म्हणायचं. किटली रिकामी होईपर्यंत कोणी उठायचं नाही. आणि जो हजर नसेल त्याचा विषय काढायचा नाही. ‘माणसाच्या पाठीमागे ठरवलं ती चोरी,’ आप्पा म्हणायचे, ‘मग त्याच्या भल्यासाठी का ठरवलेलं असेना.’ आईला हे थेर कधी पटले नाहीत. ‘तुमच्या लोकशाहीत माझा चहा निवतो,’ असं ती दर रविवारी म्हणायची आणि पहिला आवाज तिचाच चढायचा.

आप्पा गेले, मागोमाग आई गेली. मधला भाऊ लग्न करून स्टेशनच्या पलीकडे राहायला गेला. तो वायरमन, दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती फोडतो. धाकटी बहीण पुलापलीकडच्या नव्या इमारतीत, नवरा आणि मुलीबरोबर. जुन्या घरात उरली थोरली. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं तर म्हणायची, ‘सवड कुठे होती, रविवारी भांडायचं असायचं.’ खरं कारण तिने कोणाला सांगितलं नाही. आपणही ते उकरायला जाऊ नये.

ती एका मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, झटकायची आणि तापलेल्या रोलरखाली सोडायची. तिच्या हातची घडी पुठ्ठ्यासारखी ताठ, आणि जीभही तशीच. म्हणून लॉन्ड्रीतल्या बायका तिला स्टार्च म्हणत. दिवसभर इस्पितळाची इस्त्री केल्यावर ही बाई घरी येऊन स्वतःचा एक अभ्रा पुन्हा इस्त्री करायची आणि तो गरम असतानाच उशीवर चढवून त्यावर गाल टेकवायची. हे कळल्यावर बायका पोट धरून हसल्या. हसू देत. सुख कोणाचं कशात असतं याचा हिशेब मागणारे आपण कोण? पहाटे मागच्या पायरीवर बसून पहिला कप एकटीने प्यायचा, दूध वर येता येता गॅस बंद करायचा, कपाट उघडलं की सगळ्या घड्यांच्या कडा एका रेषेत दिसायच्या. एवढ्यावर तिचा आठवडा चालायचा. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे रविवार. मधला यायचा, धाकटी यायची, धाकटीचा नवरा यायचा. मधल्याची बायको तेवढी येत नसे. ‘तुमचं घराणं वेडं आहे,’ असं ती उघड म्हणायची, आणि थोरलीला ती त्यासाठीच आवडायची.

मग लॉन्ड्रीत ड्युट्या बदलल्या. एकाआड एक रविवारी थोरलीच्या वाट्याला सकाळपाळी आली. तिने घरात सांगितलं, ‘माझी ड्युटी असेल त्या रविवारी बैठक नाही.’

‘बरं,’ मधला म्हणाला. धाकटीही ‘बरं’ म्हणाली.

दोघांनी एका दमात ‘बरं’ म्हटलं, तिथेच तिचे कान टवकारायला हवे होते.

असे काही महिने गेले. मग एका रविवारी मधल्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, ‘ताई, विषय आहे.’

‘काढ.’

‘घराचा आहे. छत गळतंय, वायरिंग आप्पांच्या वेळचं आहे. मी हात लावतो तिथून भिंत माझ्या हातात येते. कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्याला गोदाम पाहिजे, तो आहे तसं घ्यायला तयार आहे. आपल्या तिघांच्या सह्या झाल्या की झालं.’

‘आणि मी?’

‘तू आमच्याकडे. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने हिच्याकडे. एकटीने किती झिजायचं?’

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटी चमच्याने टेबलावरची साखर गोळा करत होती. ‘मला तुझी काळजी वाटते गं,’ ती म्हणाली. ‘आजारी पडलीस तर पाणी द्यायला कोण आहे?’

आता थोरली जावयाकडे, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याकडे वळली. हा माणूस म्हणजे विरोधाला जन्मलेला. याच टेबलावर पंखा कुणाच्या अंगावर फिरवायचा यावरून त्याने मधल्याशी अबोला धरला होता.

‘मला पटतं,’ जावई म्हणाला.

‘काय पटतं?’

‘तेच की. सगळंच.’

थोरलीने सगळ्यांच्या कपात चहा ओतला, कोणाला तरी कंठ फुटेल म्हणून वाट पाहिली. ‘जावईबापू, बरं वाटत नाही का तुम्हाला?’

‘ठणठणीत आहे.’

‘मग भांडत का नाही?’

सगळे हसले. जरा एकदमच हसले. ‘मला विचार करायला वेळ लागेल,’ असं ती म्हणाली, त्यालाही कोणी आडकाठी केली नाही. औषध प्यावं तसा उरलेला चहा संपवून तिघं उठली.

त्या दिवशी संध्याकाळी तिला ते खटकत राहिलं. या घरात दाराचा रंग ठरत नाही आणि आख्खं घर एका कपात ठरतं? मग तिने स्वतःलाच दटावलं. माणसं वयाने शहाणी झाली असतील. आपली काळजी वाटत असेल. आपल्याला कोणी सांभाळायला निघालं की संशय यायला लागला, एवढं का आपलं आयुष्य वाईट गेलं? आठवडाभर ती घरात हात फिरवत हिंडली. छत खरंच गळत होतं. गुडघे खरंच दुखत होते. धाकटीच्या घरी सकाळी मुलीची वेणी घालता येईल, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो तिला आवडला. शनिवारपर्यंत तिचं ठरलं होतं. हो म्हणायचं.

रविवारी तिची ड्युटी होती. सकाळीच बॉयलर बंद पडला. वाफ नाही तर रोलर नाही, रोलर नाही तर काम नाही. मुकादमाने सगळ्यांना घरी पाठवलं. थोरलीने विचार केला, आता मोकळी आहे तर धाकटीला जाऊन आधी सांगावं. मधल्याला सांगण्याआधी तिला. लहानपणापासून थोरलीचं प्रत्येक गुपित आधी धाकटीच्या कानात पडायचं.

इमारतीचा जिना चढून ती दाराशी पोचली आणि बेलकडे गेलेला हात तिथेच थांबला. आत भांडण जुंपलं होतं.

‘पहिले सहा महिने तुझ्याकडे असं ठरलं होतं,’ हा मधल्याचा आवाज.

‘ठरलं तेव्हा मी दाढी करत होतो,’ जावई म्हणाला. ‘माझं मत धरू नका.’

‘मी कुठे नाही म्हणते?’ धाकटी. ‘ठेवून घेईन मी ताईला, पण पोरीची परीक्षा झाल्यावर. आत्ता खोली कुठून मोकळी करू?’

‘आणि माझ्याकडे काय महाल बांधलाय? ताई पहिल्या दिवशी माझी कपाटं आवरायला घेईल. दुसऱ्या दिवशी बायको माहेरी.’

‘मग तर तुझी चंगळ आहे,’ जावई म्हणाला, आणि आत हसण्याची लाट उठली.

‘हसू नका. ताई नाही म्हणाली तर?’ धाकटीने विचारलं.

‘नाही म्हणायची नाही,’ मधला म्हणाला. ‘तिला फाटे फोडणारा कोणी मिळाला की चेव येतो. म्हणून तर सगळ्यांना बजावलं होतं, त्या दिवशी तोंड उघडू नका.’

‘मी नाही उघडलं,’ जावई म्हणाला. ‘घरी आल्यावर पोटात कळा आल्या मला.’

पुन्हा हसणं.

घर विकायला निघालेत हे तिला ठाऊकच होतं. आपलं ओझं वाटतं हेही तिने एक वेळ गिळलं असतं, कोणाचं कोणाला वाटत नाही? पण आतली माणसं रंगात आली होती. एकाने दुसऱ्याचं वाक्य तोडायचं, तिसऱ्याने खोडी काढायची, पुन्हा मुद्द्यावर यायचं. आप्पांचा आख्खा रविवार उचलून त्यांनी इथे आणला होता, आणि तो झकास चालला होता. तिच्या स्वयंपाकघरात येऊन मात्र तिघं पाठ केलेलं म्हणून गेली होती. जिना चढताना तिने मनात धरलेला होकार तिथे दारातच विटला.

तिने बेल दाबली. आत एकदम सगळं शांत झालं.

दार धाकटीने उघडलं. ‘अगं, ताई. लवकर सुटलीस?’

‘बॉयलर बंद पडला.’

‘ये ना, ये. बस.’

स्वयंपाकघरात टेबलाभोवती खुर्च्या होत्या. मधल्यासमोर जाडजूड निळा मग, कानाचा टवका उडालेला. थोरलीने तो मग पाहिला, नंतर ओट्यावरची खुंट्यांची रांग पाहिली. एक खुंटी मधल्याच्या मगाची होती. बहिणीच्या घरात भावाच्या मगाला खुंटी मिळते आणि वापरून वापरून त्या मगाच्या कानाचा टवका उडतो, हे दोन-चार रविवारांचं काम नव्हे. धाकटीने काचेच्या कपाटातून एक कप काढला, सोनेरी काठाचा, बशीसकट. फडक्याने पुसला आणि चहा ओतून तिच्यापुढे ठेवला.

‘किती दिवस चाललंय हे?’ थोरलीने विचारलं.

‘तुमची ड्युटी असायची, मग आम्ही आपलं सहज,’ जावई म्हणाला.

‘सहज.’

‘सुरुवातीला सहजच होतं ताई,’ मधला म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

‘आणि नंतर?’

बोलली ती धाकटी. ‘नंतर बरं वाटायला लागलं. राग येईल तुला, पण ऐक. तुझ्यापुढे बोलता येत नाही. तू सगळ्यांचं ऐकून घेतेस आणि शेवटी तुझंच होतं. दाराचं काय झालं? तुला पाहिजे तो रंग नाही, तर कुठलाच नाही.’

हे थोरलीला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. ‘मग तोंडावर म्हणायचं होतंस.’

‘तेच तर म्हणता येत नाही.’

‘म्हणून आठवडाभर सराव करून आलात? काळजी वाटते गं, पाणी कोण देईल गं. तीही तालीमच होती ना?’

धाकटीचे डोळे भरले. ‘काळजी खरी होती.’

‘असेल. मला आता ओळखू येत नाही, खरी कुठली आणि पाठ केलेली कुठली. मी हो म्हणायला आले होते. आधी तुला सांगायचं म्हणून इथे आले. आता सही करणार नाही.’

मधल्याने हातातला मग दाणकन आपटला. ‘झालं. चढला आप्पांचा पारा. उद्या छत डोक्यावर पडलं की आम्हालाच बोलावशील.’

‘तुला नाही बोलावणार. गवंड्याला बोलावीन.’

‘घर काय तुझ्या एकटीचं आहे? मी तिथे जन्मलो नाही?’

‘जन्मलास, म्हणून तर तुझ्या सहीला किंमत आहे. माझीही तेवढीच आहे. साहेबलोकांसारखं आत बसून ठरवायचं आणि मला येऊन नोटीस वाचून दाखवायची, ते चालणार नाही.’

‘एक मिनिट,’ जावई म्हणाला, ‘गवंडी कुठला आणणार तुम्ही? मागचा जो होता त्याने तर भिंत वाकडी बांधली होती.’

‘ती तुम्ही सांगितलेल्या मापाने बांधली होती.’

‘माझं माप बरोबर होतं. हातोडी तुमच्या भावाची होती.’

‘माझं नाव मध्ये आणू नका,’ मधला ओरडला.

आणि भांडण सुरू झालं, खरंखुरं, न ठरवलेलं. मधला उभा राहून बोलत होता. धाकटी रडता रडता दोघांनाही खोडून काढत होती. जावयाच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं होतं. थोरलीने कोणाचंच खपवून घेतलं नाही. छताचं, वायरिंगचं, आईच्या आजारपणातल्या जागरणांचं, कोण कितीदा आलं आणि कोण फिरकलंही नाही, सगळं निघालं. तिचा आवाज चढला, गुडघ्यांचं दुखणं ती विसरली.

भांडता भांडता धाकटीने किटली उचलली. या भावंडांत कप रिकामा दिसला की भरायचा, विचारत कोणी बसत नाही. मधल्याचं वाक्य तोडत तिने त्याचा मग भरला, नवऱ्याचा भरला, स्वतःचा भरला. सोनेरी काठाच्या कपापाशी आल्यावर तिचा हात थांबला.

‘ताई, तुला अजून हवाय का थोडा?’

थोरली बोलायची थांबली. तिने कपावर तळहात ठेवला.

‘नको,’ ती म्हणाली. ‘झाला माझा.’