बयाबाईची मेंढरं कुणाच्या रानात बसणार?

बयाबाईनं शाळेत मेंढरं घुसवली, ही बातमी रहिमतपूरच्या बाजारात पोचली तेव्हा मेंढरं पन्नास होती. गावात परत येईपर्यंत ती दोनशे झाली, आणि एका एडक्यानं गुरुजींना धडक दिल्याचंही त्यात भरलं. खरं म्हणजे त्या दिवशी शाळेच्या फाटकातून कोकरूसुद्धा आत गेलं नव्हतं. गेली ती एकटी बयाबाई; पण ती एकटी दोनशेंना भारी, हेही खोटं नाही.

माणदेशातून आलेलं हे धनगराचं घर आता गावचंच झालंय. मुलगा बिरदेव कळप राखतो, आणि कळप कुणाच्या रानात बसवायचा ते म्हातारी ठरवते. ऊस लावण्याआधी रानात मेंढरं बसली की लेंड्यांचं खत पडतं, म्हणून भले भले बागायतदार तिच्या दारात हजेरी लावतात. वर चहाही तिचाच पितात.

यंदा दुसरीतली नात सोनिया शाळेला जाईना. पोटात दुखतं म्हणायची. ओवा झाला, हिंग झाला, शेवटी पोर रडतच बोलली, "समदी नाक धरत्यात. मला लेंडी म्हनत्यात." चिडवणाऱ्यांचा पुढारी म्हणजे बागायतदार सुभेदार लालासाहेबांचा नातू, राजवर्धन.

बयाबाई तडक शाळेत. वर्गाच्या बाईंनी पालकांना बोलावलं.

"आवं, लेकरं हायत, चेष्टा करायचीच," लालासाहेब म्हणाले. "घरी गेल्यावर फोडून काढतो त्याला."

"फोडू नगा. तुमचा मार त्यो माज्या सोनीवर काढंल. ह्यो शब्द शिकला कुठं, तेवढं इचारा."

तिथंच उभ्या राजवर्धननं बेधडक सांगितलं, "आज्जाच म्हनतोय की! लेंडीवाली आली, खिडक्या लावा म्हनून."

सुभेदारांच्या मिशा खाली आल्या. पालकांत बसलेला दुकानदार आप्पासो फिसकन हसला.

"हसू नगा आप्पासो, तुमच्या दुकानातबी हीच भाषा चालती," बयाबाई कडाडली. "वास सोसत न्हाई, तर लेंड्या कशाला मागता? सोनी हसत शाळंत जाईस्तवर माजी मेंढरं कुणाच्याबी रानात बसायची न्हाईत."

लावण तोंडावर आलेली. गावाला घाम फुटला, पण निव्वळ घामानं कुणी सुधारत नाही, लाजही वाटली. लालासाहेब सोनियासमोर टोपी काढून म्हणाले, "चुकलं बाळा माजं." आजोबाच वाकले म्हटल्यावर राजवर्धनही चपलेकडं बघत 'चुकलं' असं पुटपुटला. आळीतली पोरं सोनियाला घेऊन शाळेला जाऊ लागली. वाटेत कुणी नाक धरलं, तर 'जाऊ दे, पोरं हायत' म्हणणं मोठ्यांनी सोडलं. आप्पासो दुकानातून उतरून पोरांना थांबवायचा, वर्गाच्या बाई त्याच दिवशी चिडवणाऱ्याच्या आणि सोनियाच्या, दोन्ही घरी जाऊन बोलायच्या. एका दिवसात काही मिटलं नाही. पण एका सकाळी सोनिया पोटाचं नाव न काढता, अर्धी भाकरी हातात घेऊन पळाली. बयाबाई दारात उभी राहून वळणापर्यंत बघत राहिली. डोळ्यात चुलीचा धूर गेला म्हणाली. चूल तर विझलेली होती.

मेंढरं पहिली बसली ती लालासाहेबांच्याच रानात. तिथं राजवर्धन कोकरू उचलायला गेला, तर सोनिया खेकसली, "कान धरू नगंस! पोटाखाली हात घाल." सुभेदाराचा नातू मुकाट्यानं ऐकत होता.

पुढं रहिमतपूरच्या बाजारात एकानं हटकलंच, "काय बयाबाई, शाळंत मेंढरं घातलीस म्हनं?"

बयाबाई म्हणाली, "मेंढरं रानातच हुती रं. शाळंत म्या गाव घातलं."