गवताळ प्रदेशाच्या आठ ओळी

दक्षिण आफ्रिकेत चार वर्षं सवानाच्या गवताचा अभ्यास करून मी दिल्लीला आले, तेव्हा डोक्यात एक चित्र पक्कं होतं. महाराष्ट्रातल्या गावागावांतून आलेली, उद्या जिल्हे चालवणारी मुलं समोर बसली आहेत, मी त्यांना टुंड्रापासून वर्षावनापर्यंत सगळी पृथ्वी उलगडून दाखवते आहे आणि त्यांचे डोळे चमकताहेत. प्रत्यक्षात चाळीस जणांचे डोळे माझ्याकडे लागले होते, पण बसचा कंडक्टर पास उलटसुलट करून बघतो ना, तसे.

करोल बागेजवळच्या एका क्लासमध्ये यूपीएससीच्या मुलांना मी पर्यावरण शिकवते. किस्से जमवायचे असं काही ठरवलं नव्हतं. पण जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय येतो, तिथे ते आपोआप साचतात. एसीखाली ठेवलेल्या बादलीत पाणी साचतं तसे.

*

पहिल्या दिवशी मी फळ्यावर जगाचा नकाशा काढला. टायगाच्या जंगलाखाली किती कार्बन दडलाय, टुंड्राची गोठलेली माती वितळली तर जगभरच्या हवामानाचं काय होईल, असं सांगता सांगता रंगात आले. तेवढ्यात सचिनने हात वर केला. हा नांदेडचा, तिसरा अटेम्प्ट देणारा, वर्गाचा न निवडलेला पुढारी.

"मॅडम, हे नोट्सच्या कोणत्या पानावर आहे?"

"कोणत्याच नाही."

चाळीस पेनं एकदम खाली ठेवल्यावर कसा आवाज होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

*

पुढच्याच आठवड्यात सचिनने विचारलं, की ती गोठलेली माती येत्या वीस वर्षांत नेमकी किती वितळेल. मी म्हटलं, नक्की कोणालाच माहीत नाही.

संध्याकाळपर्यंत हॉस्टेलभर झालं, की मॅडमची डिग्री खोटी आहे. ज्या शिक्षकाला "माहीत नाही" म्हणावं लागतं, तो शिक्षक कसला? एकाने इंटरनेटवर माझा प्रबंधच शोधून काढला. दुसऱ्या दिवशी सचिन अदबीने म्हणाला, "मॅडम, डिग्री खरी आहे, आम्ही चेक केलं. पण चार वर्षं फक्त गवत?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. मी आर. के. पुरमला मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते आणि ती आठवड्यातून तीनदा हेच विचारते. तिचा संशय जरा वेगळा आहे. गवतासाठी कोणी चार वर्षं राहत नाही, तिकडे कोणीतरी मुलगा असणार!

*

एका रविवारी सगळ्यांना रिजवर न्यायचं ठरवलं. दिल्लीच्या मधोमध अरवलीचं काटेरी जंगल उभं आहे आणि ही मुलं तीन-तीन वर्षं इथे राहून तिथे एकदाही गेलेली नाहीत. फी नाही, हजेरी नाही, फक्त या. कोणी आलं नाही.

खानापुरे सर, म्हणजे क्लासचे मालक, खूप हसले. तीस वर्षं दिल्लीत राहून त्यांचं मराठी अर्धं हिंदी झालंय. "देखो मॅडम, फुकट म्हटलं की पोरं घाबरतात." पुढच्या वेळी मी बोर्डावर लिहिलं, "फक्त पंधरा जागा." अठ्ठावीस जण आले.

दोन तास मी खैर, ढाक, बाभूळ दाखवत फिरले. निघताना सचिन मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, आता सांगून टाका. नवीन कोर्स कधी सुरू करताय?"

*

मग मी क्लासच्या छापील नोट्स नीट वाचल्या. वर्षावनाला तीन पानं, वाळवंटाला दीड आणि गवताळ प्रदेशाला आठ ओळी. आठवी ओळ अशी: "अशा पडीक जमिनीवर वृक्षारोपण हा उत्तम उपाय आहे."

मी तडक सरांकडे गेले. म्हटलं, हे चूक आहे. गवताचा कार्बन जमिनीखाली, मुळांत असतो. वरून वणवा गेला तरी तो शाबूत राहतो. माळावर झाडं लावली की माळ मरतो, त्याच्यासोबत चिंकारा मरतो, माळावर चरणाऱ्या कळपांचा चारा जातो. उद्या ही मुलं कलेक्टर होऊन याच ओळीवर सह्या करतील.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग उठून दार लावलं आणि विचारलं, "तुम्हाला कोणत्या क्लासने पाठवलंय?"

*

त्यानंतर मी वर्गात काय बोलते ते सरांना संध्याकाळी शब्दन् शब्द माहीत असायचं. माझा संशय वैशालीवर होता. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली ही मुलगी पहिल्या बाकावर बसायची, एक अक्षर लिहायची नाही, नुसती टक लावून बघायची. शेवटी जिन्यात गाठून मी तिला सरळ विचारलं, की सरांना तू सांगतेस का?

तिला राग आला नाही. "मॅडम, वर्गातल्या कॅमेऱ्याला आवाजपण आहे," ती म्हणाली.

मी ओशाळले. विचारलं, मग लिहीत का नाहीस?

"तुम्ही गवत शिकवत होता. आमची मेंढरं आहेत. कुसळी कुठे, पवना कुठे, मारवेल कुठे, हे मी लिहून काय घ्यायचं?"

क्लासच्या परीक्षेत मात्र ती आठवी ओळ जशीच्या तशी लिहायची. का, ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

*

क्लास दरवर्षी दहा जणांना मोफत शिकवतो, राहायला जागाही देतो. त्यासाठी मुलाखत होते. वैशालीच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, नाव लागलं तर राहा, नाहीतर बॅग भरून परत ये. पॅनलवर सर, मी आणि एक निवृत्त अधिकारी होते. त्यांना सगळे नुसतं "साहेब" म्हणतात.

साहेबांनी तिला विचारलं, "तुम्ही कलेक्टर आहात. जिल्ह्यात हजार एकर पडीक माळ आहे. झाडं लावायला निधी आलाय. काय कराल?"

प्रश्न थेट नोट्समधला होता. सर खुशीत मागे टेकले.

वैशाली म्हणाली, "सर, ती पडीक आहे असं कोणी लिहिलंय?"

"समजा, मीच लिहिलंय. नोकरीत अशा पुष्कळ कागदांवर सह्या केल्यात मी."

"तिथे कोणत्या महिन्यात गेला होता?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "एप्रिल-मे. पाहणी तेव्हाच व्हायची."

"ऑगस्टमध्ये यायचं होतं, सर. कमरेएवढं गवत असतं. आमचा कळप समोर असून दिसला नसता तुम्हाला."

ती बाहेर गेल्यावर सर म्हणाले, यूपीएससीच्या खऱ्या बोर्डापुढे असं बोलली तर तिथेच संपेल, पोरीला हे आजच कळलेलं बरं. ते तिच्या भल्यासाठीच बोलत होते, यात मला शंका नाही. साहेब आपला मार्कांचा कागद उलटा ठेवून निघून गेले.

"तुमचे मार्क पेन्सिलने आहेत ना?" सरांनी मला विचारलं. "सकाळी ते कमी करून तिघांचे सारखे करून टाकू. तुम्हालाही पुढची बॅच घ्यायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या आधी क्लासला पोहोचले, वैशालीच्या नावासमोरचा माझा आकडा पेनने गिरवला आणि खाली पूर्ण नावाने सही केली.