राखीव छत्रीचा लाल धागा

सुलक्षणा तोरसकरच्या शिलाईला बोरीवलीत तीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. कापड फाटेल पण बाईची शिवण उसवायची नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, म्हणजे त्यांना पुन्हा एकदा म्हणावं लागायचं. गिरणी बंद पडून घरी बसलेल्या सासऱ्यांच्या औषधांपासून पोरीच्या कॉलेजपर्यंत अख्खं घर तिने त्या एका मशीनवर ओढलं. नवरा गेला, तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर ती पहिली मशीनला तेल घालायला बसली. रडायचं ते पायडल मारता मारता रडून घेतलं. अशी ही खमकी बाई. भ्यायची ती एकाच गोष्टीला, आणि ती गोष्ट तिच्याच पोटची होती.

श्रुतिका, वय वर्षं सव्वीस, विमानातून उड्या मारायची. आठवडाभर मालाडच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायची आणि सुट्ट्या साठवून हरयाणातल्या कुठल्याशा धावपट्टीवर जायची. दोनशेच्या वर उड्या झाल्या होत्या. सोसायटीत कुणी विचारलं की सुलक्षणा सांगायची, "स्पोर्ट्समध्ये आहे ती." त्यात खोटं काही नव्हतं. पण ज्या दिवशी उडी असेल त्या दिवशी फोनवर "उतरले" एवढा एक शब्द येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि एका दिवसात पोरगी चार-चार उड्या मारायची.

यंदा श्रुतिका प्रशिक्षकाची परीक्षा देणार होती. परीक्षक परदेशातून वर्षातून एकदाच येत. "आई, या वेळी तू चल. एकदा डोळ्यांनी बघितलंस की भीती जाईल," असं म्हणून तिने आईचंही विमानाचं तिकीट काढलं. सुलक्षणा आयुष्यात विमानात बसली नव्हती. ती हो म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

पॅराशूटची ती काळी बॅग घरात पलंगाखाली असायची. जाण्याच्या आदल्या आठवड्यात ती तपासून आली, आणि श्रुतिकाने आईला समजावून सांगितलं होतं. बॅगेत छत्र्या दोन. खालची नेहमीची, ती श्रुतिका स्वतः घडी घालून भरते. वरची राखीव. खालची उघडली नाही तर चांदीच्या रंगाचं हॅंडल ओढायचं, की वरची उघडते. ती फक्त परवानावाला माणूस बांधतो आणि वर लाल धागा बांधून शिशाचं सील ठोकतो. "त्या धाग्याला हात लावायचा नाही हां. सील गेलं तर मला विमानात चढूच देणार नाहीत."

सुलक्षणाने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, पोरगी ऑफिसला गेलेली असताना, तिने बॅग ओढून काढलीच.

त्यालाही कारण होतं. कुडाळजवळच्या गावातून तिचा भाऊ काशीराम याने बसच्या पार्सलने एक पुडी पाठवली होती. गावच्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवून त्याने गाऱ्हाणं घातलं होतं, तेही फोन स्पीकरवर ठेवून, सुलक्षणाला ऐकू येईल असं. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक आभाळात्‌ना उडी मारतली, तिका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!" आणि मागून गावकऱ्यांचं "व्हय म्हाराजा!" पुडीत तिथला अंगारा आणि एक सुपारी होती. सुलक्षणाने ती लाल कापडात बांधली. ती श्रुतिकाच्या हातात दिली असती तर पोरीने हसून फ्रिजवर ठेवली असती. म्हणून राखीव छत्रीवरची झडप उचलून तिने ती आतच सरकवली.

आणि तेव्हा तिला तो धागा दिसला. पातळ, एकेरी, सुती. बोटाच्या एका झटक्यात तुटेल असा. तीस वर्षं धागा हाताळलेल्या बाईला ते बघवेना. माझ्या पोरीचा जीव ज्या छत्रीवर, तिला एवढासा कच्चा धागा? परवानावाल्याने काम उरकलं होतं, दुसरं काय! तिने सीलला धक्का लावला नाही. जीन्स शिवायचा लाल नायलॉनचा दोरा घेतला, त्या सुती धाग्याच्या शेजारून, त्याच वाटेने, छत्री बंद ठेवणाऱ्या पिनेभोवती चार फेरे घातले आणि गाठ आत दडवली. काम असं बेमालूम की तिला स्वतःलाही दोन धागे वेगळे दिसेनात. त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली.

विमानतळावर मात्र पाऊल टाकल्यापासून ती पर्स छातीशी धरून होती. सुरक्षा तपासणीच्या रांगेत आधी तिच्या पर्समधून सुकं खोबरं निघालं. "माताजी, ये अलाउड नहीं है." मग धागा कापायची छोटी कात्री निघाली. तीही गेली. खोबऱ्याला आणि कात्रीला बंदी असते हे पुढच्या माणसाला ठाऊक होतं, मागच्या माणसाला ठाऊक होतं, फक्त तिलाच नव्हतं. तिला वाटलं, आता पोलीस चौकशी होणार.

श्रुतिका पलीकडे निवांत उभी होती. तिची बॅग यंत्रात गेली, पट्टा थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. पडद्यासमोरच्या जवानाने कुणाला तरी हाक मारली.

"घाबरू नकोस," श्रुतिका पुटपुटली. "दर वेळी होतं. आत एक यंत्र असतं. मी बेशुद्ध पडले तर छत्री आपोआप उघडणारं. त्याच्या वायरी बघून हे दचकतात."

एक अधिकारी बाई आली. श्रुतिकाने सराईतपणे एक कार्ड पुढे केलं. त्यावर त्या यंत्राचं एक्स-रेमधलं चित्र होतं, बनवणाऱ्या कंपनीनेच छापलेलं. बाईने कार्ड पडद्याला भिडवलं. वायर जुळली. डबी जुळली. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"और ये गोल चीज़? ये कार्ड में नहीं है."

सुलक्षणाने ओळखलं. ती सुपारी होती.

श्रुतिका वाकून बघू लागली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला. "मॅडम, पता नहीं. ऐसा कुछ होना नहीं चाहिए."

"बॅग किसने पॅक किया? आपके अलावा किसी ने हाथ लगाया?"

"नहीं मॅडम. परवानेवाले ने सील किया है. घर में सिर्फ मेरी माँ है, वो तो हाथ भी नहीं लगाती."

सुलक्षणाला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. दोन जवान आणखी आले. रांगेतली माणसं बॅगेकडे बघत मागे सरकली. एका बाईने तर मूल उचलून कडेवर घेतलं. अधिकारी बाई आवाज न चढवता म्हणाली, पूरा खोलना पड़ेगा. श्रुतिका हात जोडून सांगत होती की उघडली तर राखीव छत्री पुन्हा बांधायला दिवस जाईल, उद्या परीक्षा आहे, पुढची वर्षाने. बाई ऐकून घेत होती, पण मान नाही अशीच हलवत होती.

 गप्प बसावं तर पोरीचं वर्ष जातं. बोलावं तर पोरीचा विश्वास जातो, आणि कोण जाणे, आपल्याला बेड्याही पडतील. सुलक्षणा एक पाऊल पुढे झाली.

"मैंने डाला," ती म्हणाली. "सुपारी है. देव का अंगारा है. मेरी पोरी ऊपर से उडी मारती है ना, इसलिए."

अधिकारी बाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. हातमोजा चढवून झडप उचलली आणि दोन बोटांनी लाल पुडी बाहेर काढली. पुडी वेगळी यंत्रातून फिरवली, उघडून बघितली, राखेचीही तपासणी झाली. बॅग पुन्हा आत गेली. त्या पाच मिनिटांत सुलक्षणाने राखणदाराला किती कोंबडे कबूल केले याचा हिशेब त्यानेच ठेवावा.

पडद्यावरचं चित्र आता कार्डाशी जुळलं. बाईने बॅग पुढे सरकवली आणि पुडी सुलक्षणाच्या हातात दिली. "माताजी, भगवान को पर्स में रखिए," ती म्हणाली. श्रुतिकाने झडपेखाली एक नजर टाकली. सील होतं, लाल धागा होता. तिने छातीवर हात ठेवला.

गेटजवळच्या खुर्चीवर दोघी बसल्या.  सुलक्षणा बोलणी खायच्या तयारीत बसली होती. मग पोरीला एकदम हसू फुटलं.

"काय यार आई तू! वाटच लागली होती माझी. नशीब त्यांनी हॅंडल नाही ओढलं."

"ते ओढलं की लगेच उघडते?" सुलक्षणाने विचारलं. तिचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडत होता.

"लगेच. म्हणून तर तो धागा मुद्दाम कच्चा असतो. वरून खाली येताना हातात चार-पाच सेकंद असतात. एका हिसक्यात तुटला पाहिजे. तो तुटला नाही तर पिन निघत नाही, आणि पिन निघाली नाही तर..." श्रुतिकाने खांदे उडवले. "म्हणून तसलाच धागा वापरतात. जगात सगळीकडे."

सुलक्षणाच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली आणि घरंगळत गेली.  मघाची भीती ही भीतीच नव्हती, हे तिला आत्ता कळलं. तिला सगळं दिसत होतं. पोरगी खाली येतेय, हॅंडल ओढतेय, पुन्हा ओढतेय, आणि आईची शिवण काही उसवत नाहीये.

"आई? काय होतंय? चक्कर येतेय का?"

"मी त्याला दोरा घातलाय," सुलक्षणा म्हणाली. "नायलॉनचा. चार फेरे."

श्रुतिकाने बॅग मांडीवर घेतली, चांदीच्या हॅंडलमध्ये बोटं अडकवली आणि ओढलं. हॅंडल हललं नाही. तिने बॅग जमिनीवर ठेवली, पाय रोवला आणि दोन्ही हातांनी ओढलं. बोटं पांढरी पडली. हॅंडल जिथल्या तिथे.

"उद्या त्यांनी बघितलं असतं ना गं? उडीच्या आधी बघतात ना?"

"धागा आहे का, ते बघतात. आहे ना धागा."

"आणि ते यंत्र? आपोआप उघडणारं?"

"त्याच्या भरवशावर कुणी उडी मारत नाही, आई." श्रुतिकाचा आवाज चिरकला. "तू मला मारलं असतंस. कळतंय तुला? तू मारलं असतंस मला!"

समोरचा माणूस पेपर खाली करून बघू लागला.   कात्री तपासणीत गेली होती. सुलक्षणा खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली, झडप उचलली, बॅग तोंडाशी धरली आणि शिंपी धरतो तसा दोरा दाढेखाली धरला. स्वतःचीच गाठ तिला सापडेना, इतकी नीट दडवली होती. एक फेरा तुटला. दुसरा. हिरडीतून रक्त आलं. ते तिने ओढणीला पुसलं आणि तिसरा धरला. चौथा तुटला तेव्हा मागे फक्त तो पातळ सुती धागा उरला, सीलसकट, अगदी पहिल्यासारखा.

"बघ," ती म्हणाली. "आता दिसेल कुणाला? जाशील ना परीक्षेला?"

श्रुतिकाने त्या धाग्यावरून बोट फिरवलं. मग तिने नकारार्थी मान हलवली. "परवानावाल्याने बांधलेली राहिली नाही ती. तुझा दोरा कुठे कुठे घासला असेल कोण जाणे. तिथे गेल्यावर पुन्हा उघडून बांधून घेईन, तोवर मी उडणार नाही."

"आणि वर्ष?"

"गेलं."

ती उठली. बॅगेवर गुडघा टेकून एका तळव्याने झडप घट्ट दाबून धरली, म्हणजे छत्रीला बाहेर ढकलणारी आतली स्प्रिंग उसळून बाहेर येणार नाही. दुसऱ्या हाताचं एकच बोट हॅंडलमध्ये घातलं. "तू बघ," ती आईला म्हणाली आणि हलकेच ओढलं.

धागा तुटला, पिन निघाली. आवाजसुद्धा झाला नाही.

तीस वर्षांत धागा तुटला की सुलक्षणा मशीनला शिव्या घालायची. आज ती तोंडावर ओढणी दाबून ओक्साबोक्शी रडली. श्रुतिका गुडघा बॅगेवर तसाच ठेवून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. 

विमानात चढायची घोषणा झाली. दाबून धरलेली बॅग तशीच नेता येईना. सुलक्षणाने डोळे पुसले, ओढणी काढली, बॅगेभोवती दोनदा गुंडाळली आणि गाठ मारली. मग थांबली.

"ओढ," ती म्हणाली.

श्रुतिकाने ओढणीचं टोक ओढलं. सरगाठ होती, एका हिसक्यात सुटली. सुलक्षणाने ती पुन्हा तशीच बांधली आणि दोघी रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.