मधल्या अंतराचा चष्मा

“काकू छताला नेम धरायल्यात का काय?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. त्या काकू म्हणजे सिस्टर; त्यांनी ऐकलं असणारच, पण त्यांची हनुवटी तशीच वर राहिली. दुहेरी भिंगाचा चष्मा, वाचायचा भाग खाली. त्यातून पिस्तुलाचं टोक दिसावं म्हणून त्यांना मान मागे टाकावी लागायची. छर्रा सुटला आणि टार्गेटच्या काळ्या गोळ्याबाहेर कागदात घुसला. परभणीच्या त्या नेमबाजीच्या रेंजवर मी वर्षभर जात होते, पण कुणाशी धड बोलले नव्हते. हसणाऱ्यांकडे नुसतं पाहिलं.

सिस्टर वालूरकडच्या उपकेंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. साठीला आल्यावर त्यांनी एअर पिस्तूल हातात घेतलं होतं. एसटीनं यायच्या, आल्या आल्या जागा स्वतः झाडून घ्यायच्या. हात लांब केला की तो भिंतीत ठोकल्यासारखा स्थिर. “जलमभर रडणाऱ्या लेकरांना सुया दिल्या,” म्हणायच्या. “हात हलला असता तर गावानं ठिवलं असतं का मला?”

माझे छर्रे मात्र कागदभर विखुरलेले असत. एकदा त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “माय, तू टार्गेटकडं टक लावून बघायलीस. लेकराच्या तोंडाकडं बघितलं की सुई चुकती. टोकाकडं बघ.” रेंजच्या भिंतीवर इंग्रजी तक्ता होता, तो त्यांनी मला वाचायला लावला. त्यातही हेच होतं. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. नेम धरताना पिस्तुलाचं टोक रेखीव दिसावं. टार्गेट पुसट दिसणारच, तसंच दिसायला हवं. सिस्टर हसल्या. “म्हंजे माझं समदं उलटं हाय. लांबचं लख्ख अन् टोकावर धुकं.”

त्यांनी तक्रार केली नाही, उपाय केला. पिशवीतून बँडेजची पट्टी काढली, एक टोक माझ्याकडून चष्म्यापाशी धरवलं, हात लांब करून पिस्तुलाचं टोक जिथं आलं तिथं पट्टीला गाठ मारली आणि ती पट्टी घेऊन जिंतूरच्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. तिथला संवाद त्यांनी मला साग्रसंगीत ऐकवला. “त्यो म्हनला, मावशी, लांबचा देऊ का जवळचा? मी म्हनलं, मधला दे, ह्या गाठीवर. म्हनला, मधलं काय बघायचंय? म्हनलं, पिस्तूल.”

नव्या चष्म्यानं हनुवटी खाली आली. छर्रे काळ्यात बसू लागले; टोकाकडे बघायला लागल्यावर माझेही. निवड चाचणीत विभागीय स्पर्धेसाठी, ज्येष्ठांच्या गटात, लागणारे गुण त्यांनी मिळवले; माझ्या गटात मीही. “ड्यूटीच्या यादीत लय नाव आलं,” त्या मला म्हणाल्या. “खेळाच्या यादीत एकदा येऊ दे.”

चार दिवसांनी प्रशिक्षक सरांनी त्यांना सगळ्यांसमोर रेषेवर उभं केलं. टार्गेटच्या कोपऱ्यात पेननं लहानसा आकडा लिहिला आणि दहा मीटरवरून वाचायला सांगितला.

“सात… का एक? पुसट हाय, सर. लांबचा चष्मा पिशवीत हाय, काढू का?”

“टार्गेट दिसत नाही अन् स्पर्धेला निघाल्या! काही झालं तर जबाबदारी कुणाची? घरी नातवंडं सांभाळा आता.”

यादीतल्या त्यांच्या नावावर लाल पेननं एक रेघ. बस. माझं अंग तापलं. आम्हाला टार्गेट पुसट ठेवायला शिकवणारे हेच सर होते. तक्ता त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होता. तरण्या पोरांचं पुसट म्हणजे तंत्र आणि सिस्टरचं पुसट म्हणजे म्हातारपण? चाचणीचे गुण सरांच्याच वहीत होते, त्यांनी पान उलटूनही पाहिलं नाही. आणि मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी बुटाची नाडी बांधत बसले.

सिस्टरनी चष्मा डब्यात ठेवला, जागा झाडली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तू टोकाकडंच बघ, माय.” मी काही बोलेन अशी त्यांची अपेक्षाही नव्हती, याचाच मला जास्त राग आला. त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, लेकीकडं पाथरीला हाय, हितंच राहीन म्हनते.

पुढच्या सोमवारी सरांनी अंतिम यादी मोठ्यानं वाचली. माझं नाव तिसरं होतं. टाळ्या झाल्या. सरांनी विचारलं, कुणाला काही शंका? मी उभी राहिले. सगळी शेड माझ्याकडे वळली.

“सर,” मी म्हणाले, “टार्गेट मलाही पुसटच दिसतं. सिस्टरचं नाव खोडलंत, तसं माझंही खोडा.”