विकली किंवा मेली

कैलासच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरण्याआधी दारातल्या चुन्यात पाय बुडवावे लागतात. मी एक पाय बुडवला आणि पुण्याहून समीरचा फोन आला.

"मॅडम, मोलगीचं क्लस्टर लाल झालंय."

समीर माझा बॉस, वयाने माझ्या मुलाएवढा. तो ज्या फंडात आहे, तो फंड ग्रामीण उद्योजकांना आणि त्यांना आधार देणाऱ्या संस्थांना, म्हणजे प्लॅटफॉर्मना, पैसा पुरवतो. बँकेतून रिटायर झाल्यावर मी या फंडासाठी मूल्यमापन करते. म्हणजे रिपोर्टमध्ये जे चाललंय ते गावात चालतंय का, हे जाऊन बघायचं. माझ्या नणंदेला हे फुकटचं फिरणं वाटतं. फिरणं आहे, फुकटचं नाही.

"लाल म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"मॉर्टॅलिटी. निम्म्याहून जास्त पक्षी मेलेत. प्लॅटफॉर्मवाले म्हणतात, पिल्लंच कमजोर आली, उद्योजक बदला. तुम्ही शेड बघा आणि एका ओळीत कळवा. चालू ठेवायचं की बंद करायचं."

एका ओळीत कळवण्यासारखं काम असतं तर मला इथे खांडबाऱ्यापर्यंत कशाला पाठवलं असतं, हे मी मनात म्हटलं. मग दुसरा पाय बुडवला.

कैलास मदर युनिट चालवतो. नवापूरच्या हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणायची, चार आठवडे वाढवायची, लसी द्यायच्या आणि मग डोंगरातल्या बायकांना परसात पाळायला द्यायची. पिल्लू मरतं ते बहुतेक याच चार आठवड्यांत. कोंबडीच्या उबेऐवजी इथे बल्बची ऊब असते. डोंगरात विजेचा भरवसा नाही, म्हणून हे काम खाली करायचं. बायकांचे गट जमवणं, ऑर्डर आणणं, पुढची लस पोचवणं आणि सगळं ॲपवर चढवणं हे प्लॅटफॉर्मचं काम.

कैलास सुरतच्या कापड मार्केटमध्ये चांगल्या नोकरीला होता. ती सोडून त्याने ही शेड उभी केली. मोलगीची ऑर्डर गेली तर शेडमध्ये ठेवायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"मॅडम, मन्हं पिल्लू मरस नही," तो म्हणाला. आवाज चढलेला होता. "मरनं असतं तं आठेच मरतं. तठे जाईसन कसाले मरी? तुम्ही बठ्ठं देखी ल्या."

इथे जगलेलं पिल्लू तिकडे जाऊन कशाला मरेल, असं त्याचं म्हणणं. मी सगळं बघितलं. अशी माणसं तोंडाने काय सांगतात यापेक्षा पिल्लं कुठे बसतात ते बघावं. थंडी वाजली की पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढतात. उकडलं की कडेला पळतात. इथे ती तुसावर सगळीकडे सारखी पसरलेली होती आणि आपापल्या उद्योगाला लागलेली होती. तूस कोरडं होतं. पाण्याची भांडी घासलेली होती. शेडमध्ये खोट निघेना.

"तिकडे नेताना मरतात का?" मी विचारलं.

"मी सोता पिकपमां बशीसन जास," कैलास म्हणाला. "मोजीसन देस." मग एकदम खाली बघून म्हणाला, "मॅडम, बंद व्हयी जाई का?"

मी माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. उद्योजक हुशार आणि मेहनती आहे म्हणून तो उपयोगाचा ठरतोच असं नाही. चांगल्या शेडमधून निघालेली पिल्लं डोंगरात टिकत नसतील तर तिकडच्या बायकांना त्या शेडचा काय फायदा?

दुसऱ्या दिवशी मोलगीला गेले. अक्कलकुव्यापासून वर जाणारी जीप बाजाराच्या दिवशी जशी भरते तशी भरली होती. माझ्या मांडीवर कोणाचं तरी गाठोडं होतं आणि ते कोणाचं हे उतरेपर्यंत कळलं नाही. वाटेत मोबाइलवर ॲपमधल्या नोंदी चाळल्या. एक गोष्ट खटकली. रोग आला की एका पाड्यावरचे पक्षी एकदम जातात. इथे मरण एकेक, दोनदोन, असं वर्षभर पसरलेलं होतं. आणि होळीला ढीग. मी बँकेत आयुष्य काढलंय, कोंबड्यांची डॉक्टर नाही. पण रोग काही होळी बघून येत नाही एवढं मला कळतं.

मोलगीत प्लॅटफॉर्मची पशुसखी जमुना भेटली. पशुसखी म्हणजे गावातलीच शिकवून तयार केलेली बाई, जी लस टोचते आणि नोंदी ठेवते. ती मला एका पाड्यावर सायकीबाईंच्या घरी घेऊन गेली. सायकीबाई पावरी बोलीत बोलायच्या, जमुना मराठीत सांगायची.

"मेलेले पक्षी कुठे टाकता?" मी विचारलं.

जमुनाने विचारलं. मग दोघी आपसात काहीतरी बोलल्या आणि हसल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, बाई लांबून आल्यात, आधी जेवू दे."

मी नको म्हटलं. नियमाप्रमाणे आम्ही लाभार्थ्यांकडे जेवत नाही. पण सायकीबाईंना आमचा नियम कोणी सांगितला नव्हता, आणि मी तो सांगेपर्यंत अंगणातला एक कोंबडा कमी झालेला होता. तासाभराने मक्याची भाकर आणि तिखटजाळ रस्सा पुढे आला. इतकं चांगलं जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा नियम आठवला नाही, हेही सांगून टाकते.

जेवता जेवता जमुनाने हात पुसला, मोबाइल काढला आणि ॲपमध्ये नोंद केली. मी सहज डोकावले. सायकीबाईंच्या नावापुढे तिने दाबलं होतं: मेली, एक.

"जमुना, कोण मेलं?"

"हा काय मॅडम, आपण खातोय तो."

माझ्या हातात तंगडी तशीच राहिली.

"हा मेला म्हणून लिहिलास?"

"मग काय लिहू?" तिने स्क्रीन माझ्यासमोर धरला. "दोनच बटणं आहेत. विकली, नाहीतर मेली. विकला तर नाय. ट्रेनिंगमधे सांगितलंय, पक्षी कमी झाला की नोंद पाहिजे, नाहीतर पुढचं पान उघडत नाय."

बरोबरच होतं तिचं. कोंबडा मेला होता यात शंकाच नव्हती.

मग दुपारभर आम्ही घरोघर फिरलो. प्रश्न बदलला. किती मेल्या असं न विचारता, कोंबड्या गेल्या कुठे असं विचारलं. उत्तरं भराभर आली. होळीला पाहुणे आले. काळा कोंबडा देवाला दिला. लेक बाळंतीण झाली, तिला दोन पाठवल्या. मजुरीला गुजरातमध्ये गेलेली माणसं परत आली, त्या दिवशी एक कापला. काही रानमांजराने नेल्या.

एका पाड्यावर मात्र कोणी हसलं नाही. तिथे खरोखरच मानमोडी येऊन गेली होती. या रोगाची लस कैलास शेडमध्ये देतो, पण काही आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. ती बर्फाच्या डब्यात घालून पोचवायची जबाबदारी प्लॅटफॉर्मची होती. डबा आहे कुठे, म्हणून परतताना अक्कलकुव्याच्या त्यांच्या ऑफिसात गेले. डबा होता. त्यात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या गार होत होत्या. मला एक बाटली देऊ केली. मला राग आला होता, मी घेतली नाही.

संध्याकाळी समीरला फोन केला.

"बहुतेक पक्षी मेले नाहीत. खाल्लेत."

"खाल्ले?" त्याने विचारलं. "पण मॅडम, खाणं हे इन्कम नाही ना."

"त्यांनी बाजारातून विकत आणून खाल्ले असते तर तू तो खर्च धरला असतास?"

"धरला असता."

"मग तो वाचला की नाही?"

"वाचला. पण फॉरमॅटमध्ये टाकू कुठे?"

रिपोर्ट मी एका ओळीत लिहिला नाही. उद्योजक काम चोख करतो, असं लिहिलं. प्लॅटफॉर्मबद्दल लिहिताना डब्यातल्या बाटल्या आठवत होत्या, पण प्रामाणिकपणे विचारलं पाहिजे, की तो नसता तर काय अडलं असतं? लस अडली नसती, कारण ती तशीही येत नव्हती. पण खांडबाऱ्याचा कैलास आणि मोलगीच्या सायकीबाई एकमेकांना कधी भेटले नसते. तेवढं काम त्यांनी केलं होतं, ते मी मान्य केलं. शिफारस अशी केली: ऑर्डर कैलासकडेच ठेवा, लसीचा डबा जमुनाच्या ताब्यात द्या आणि ॲपमध्ये तिसरं बटण घाला.

नंदुरबारच्या मीटिंगमध्ये प्लॅटफॉर्मची मॅनेजर म्हणाली, "खाल्ली असं बटण प्रोफेशनल दिसणार नाही."

"मेली हे दिसतं का?" मी विचारलं.

बटण आलं. डबाही जमुनाकडे गेला. कैलासची ऑर्डर टिकली आणि त्याने शेड मागे वाढवायला घेतली. त्याचा फोन आला तेव्हा तो इतका मोठ्याने बोलत होता की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. मला मनापासून बरं वाटलं.

पुढच्या वर्षी प्लॅटफॉर्मचं चकचकीत माहितीपत्रक आलं. त्यात मोलगीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, कुटुंबांच्या पोषणात भरीव वाढ. कैलासला दाखवलं तर तो म्हणाला, "नाव त्यास्नं, कोंबड्या मन्ह्या. चालस." माझी काही हरकत नव्हती. मूल्यमापनात श्रेय कोण घेतं याचा हिशेब मी फार ठेवत नाही. लोकांचं काय भलं होतंय ते मोजायला आपण जातो, आणि थोड्याच दिवसांत आपल्याला मोजता येईल तसंच त्यांनी भलं करून घ्यावं असा आपला हट्ट सुरू होतो, एवढं मात्र या नोकरीत शिकले.

कारण त्यानंतर महिन्याभरात समीरचा पुन्हा फोन आला. आवाजात तीच काळजी होती.

"मॅडम, मोलगी परत लाल झालंय. यंदा खाण्याचं टार्गेट ठेवलंय आणि त्या बायका कोंबड्या विकायला लागल्यात. आकडा कसा वाढवायचा?"

मी म्हटलं, "पाहुणे पाठव."